अप्पांच्या मापाची टोपी

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच काळजी... अप्पांचं डोकं.

अप्पा म्हणजे माझे वडील, गिरणीत कामाला. डोकं एवढं मोठं की बाजारातली कुठलीच टोपी त्यांना व्हायची नाही. चुलत बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी मानाची टोपी घातली, ती डोक्यावर नुसती टेकली, आणि अप्पा पंगतीत वाकले तशी थेट आमटीत! अख्खी पंगत हसली. त्या दिवसापासून अप्पा लग्नांना जाईनासे झाले. आहेर आईच्या हाती पाठवायचे.

पण पोटच्या पोरीचं लग्न कसं टाळणार? व्याहीभेटीत नवऱ्या मुलाचा बाप आपल्या हाताने व्याह्याला टोपी घालतो, आणि ती टोपी त्यांच्याकडूनच यायची असते. "जरा मोठी आणा हं" हे मुलीकडच्यांनी सांगायचं कसं?

अप्पा आईला म्हणाले, "माजं डोकं दुकतंय म्हनून सांग. भेटीला धाकटा उभा ऱ्हाईल की." मुलीच्या लग्नात बाप लपून बसणार, काका उभे राहणार! मला रडू आलं आणि रागही आला.

मी तेव्हा नववीत होते. शेजारच्या मुमताजखाला क्रोशाच्या नमाजी टोप्या विणायच्या. त्यांच्यापुढे जाऊन बसले. "सिर कू दोरा लपेट, उसकी तीन घडी कर," त्या म्हणाल्या. "उत्ताच चौडा गोल बुन. फिर बढाना नक्को, सीधा बुनते जा... टोपी अपने आप नीचे उतरती."

इतकं साधं. माथ्यापासून सुरुवात करायची, दर फेरीला टाके वाढवत चपटी चकती करायची. ती दोऱ्याच्या घडीएवढी झाली की वाढवणं बंद. घडीपेक्षा अर्धं बोट कमीच धरायचं, कारण वीण ताणते. तान्हं बाळ असो नाहीतर आमचे अप्पा, रीत तीच.

आता माप. अप्पांना विचारायची सोय नव्हती. रविवारी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि घोरायला लागले. मी उशाशी बसून श्वास रोखून दोरा कानामागून हळूच फिरवला, गाठ मारली आणि पळाले.

काळं सूत घेतलं आणि जाळी न ठेवता गच्च विणायला लागले. पहिली चकती वाटीसारखी वळली, कारण टाके वाढवायचेच विसरले. उसवली. दुसरीला इतके वाढवले की झालर झाली. तीही उसवली... चौथ्या दिवशी टोपी झाली.

बस्त्याची खरेदी करायला ताईचे सासरे माढ्याहून आले. त्यांना मी मामा म्हणायचे. दुकानाबाहेर गाठून कागदात गुंडाळलेली टोपी त्यांच्या हातात दिली. "मामा, भेटीत अप्पांना हीच घाला. दुसरी त्यांना होत नाही."

"बाला ठाव हाय का तुज्या?" मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी पुडकं खिशात घातलं आणि तडक दुकानात शिरले. त्यांना राग आला असेल तर? लग्न मोडलं तर? लग्नापर्यंत मला घास गोड लागला नाही.

लग्नाच्या दिवशी अप्पा ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात बसलेले, काका पुढे. मामांनी इकडे तिकडे पाहिलं. "पोरीचा बाप कुटं हाय? मी त्यास्नीच भेटनार!" अप्पा उठले. चेहरा पार उतरलेला.

मामांनी कुंकू लावलं, टॉवेलाची घडी उलगडली. आत काळी टोपी... माझी! ती त्यांनी दोन्ही हातांनी अप्पांच्या डोक्यावर बसवली. अप्पांनी हात लावून पाहिला, मान हलवून पाहिली. मग मामांना गळामिठी मारली, ती सोडेचनात.

पुढे अप्पा येईल त्याला सांगायचे, "व्याही असावा तर असा! नुसतं बगून माप वळकलं." मामा कधी काही बोलले नाहीत. मीही नाही. दोघांची दोस्ती इतकी जमली, की ताईच्या सासरी काही कुरबूर झाली तर ते दोघंच बसून मिटवायचे.

दहाएक वर्षांनी मी माझ्या मुलासाठी टोपी विणायला घेतली. बाळ झोपलेलं, मी दोरा फिरवत होते. शेजारी अप्पा पेपर वाचत बसले होते. मान वर न करताच म्हणाले,

"कानामागनं नगं नेऊ. लई गुदगुल्या व्हत्यात... झोपल्याचं सोंग धरवत न्हाई."

माझा हात तिथेच थांबला. अप्पांनी पेपरचं पान उलटलं.

म्हणजे टोपी डोक्यावर बसली तेव्हाच ती कुणी विणली ते त्यांनी ओळखलं होतं, आणि तरी त्या टोपीचा मान त्यांनी जन्मभर व्याह्यांना दिला. माझ्या वाट्याला आलं ते त्या दुपारचं खोटं घोरणं. आज अप्पा नाहीत, पण कुणाच्याही डोक्याला दोरा लावला की मला ते ऐकू येतं... आणि तेवढं मला पुरतं.