पल्याडचा क्रॉस

अमेरिकेतलं आमचं रेडफर्न आणि शेजारचं ऑस्टरफील्ड, मधी एक ओढा आणि त्यावरचा पूल. कोंबड्यांचा कारखाना दोघांचा एकच. पण अल्याडचा पोलीस कागद विचारत नाही. पल्याडचा मात्र गाडीचा दिवा गेला म्हणूनही थांबवतो, पायी चालणाऱ्यालाही हटकतो आणि माणूस इमिग्रेशनवाल्यांच्या हवाली करतो. मग तो माणूस पुढं मेक्सिकोतनंच फोन करतो.

एउस्तोलियाबाई, आमच्या बोलीत दोन्या एउस्तोलिया, अल्याडची, बिनकागदाची. दिवसा कारखान्यात कोंबड्या सोलायची, संध्याकाळी मयताच्या घरी जपमाळ सांगायची. आमच्या मेक्सिकोच्या माणसांत कुणी गेलं की घरात भुईवर चुन्याचा क्रॉस घालतात. नवव्या दिवशी ठरल्या माणसानं तो हातानं गोळा करून थडग्यात पुरायचा. तोवर आत्मा उंबरा सोडत नाही.

पल्याडच्या ब्रिखिदाच्या लेकीला, नेरेइदाला, बाप्तिस्म्यात एउस्तोलियानंच हातात धरलेलं. तेव्हापासून एउस्तोलिया आणि ब्रिखिदा बहिणींसारख्या. मागं राहील तिनं दुसरीचा क्रॉस उचलायचा, असा शब्द होता. ब्रिखिदा आधी गेली.

आठ दिवस एउस्तोलियानं फोनवरूनच प्रार्थना सांगितली. क्रॉस काही फोनवरून उचलता येत नाही. नवव्या दिवशी दुपारी काळी शाल घेऊन ती निघाली. पुलापाशी आमचा पोलीस ओर्नेलास गाडी लावून बसलेला.

"पोरा, पल्याड सोड की मला. पोलिसाच्या गाडीला कोन आडवतंय?"

"पुलापतुर म्हनशील तर राणीवानी नेतो, आजी. पल्याड मला कुत्रंबी इचारत न्हाई."

"मग तू कसला पोलीस रं?"

"अल्याडचा."

तो हसला. ती हसली नाही. पुलावर चढून मधोमध आली, तर समोरच्या चढाला ऑस्टरफील्डच्या पोलिसांनी एक ट्रक थांबवलेला. ट्रकवाला हात वर करून उभा. ती तिथंच थांबली. तिनं नेरेइदाला फोन लावला.

"मावशे, येऊ नगंस. आई गेलीच, आता तुलाबी घालवू व्हय?"

"मग क्रॉस कोन उचलनार? तुजी ती तोंडाळ नणंद?"

"कुनीच न्हाई. तसाच ऱ्हाऊ दे. आमी कडंकडनं चालू."

"अगं येडे, आई घरातच आडकून पडंल."

"पडू दे. तेवढीच आमाला सोबत."

 फोन शालीत गुंडाळून एउस्तोलिया माघारी फिरली. ओर्नेलासनं गाडीचं दार उघडलं, तरी चालतच गेली.

त्या संध्याकाळी ती घरी एकटीच जपमाळ घेऊन बसली. आमच्या प्रार्थनेत अर्धी ओळ सांगणारीनं म्हणायची आणि उरलेली घरभर बसलेल्या माणसांनी. तिनं आपली अर्धी म्हटली आणि सवयीनं थांबली. फ्रिज तेवढा घरघरत होता. मग उरलेली अर्धीही तिनंच म्हटली.