चप्पल वाचणारा मामा

मिरजेच्या हाडांच्या दवाखान्यात मी उभा जन्म प्लास्टर घातलं. प्लास्टर नखात बसतं, तसे किस्से डोक्यात बसतात. कितीबी घासा, निघत न्हाईत. आता प्लास्टरबी फायबरचं आलंय, रंगीत! त्याला ना वास, ना मजा. तर त्या सोनालीचं ऐका.

*

कडेगावची पोर, सात वर्षांची. खो-खो खेळताना सारखी पडायची. डाव्या घोट्याला आतल्या अंगानं टणक गाठ. वर्षभर सगळे म्हणत होते, "मुरगळलंय!" हळद लावून लावून पाय पिवळा केलेला.

मी तिच्या चपला उचलून उलट्या केल्या. उजवी धड, डावी आतल्या कडेलाच झिजलेली. म्हणालो, "डॉक्टर, हे मुरगळणं न्हवं. पाय कलतोय."

एक्स-रे काढला. घोट्याच्या एकाच बाजूला जादा हाड उगवलेलं! डॉक्टर दवाखानाभर सांगत सुटले, "मामांना पेपर वाचता येत नाही, पण चप्पल वाचता येते!"

चौथी नापास माणसाला एवढं बास.

*

डॉक्टर तिच्या बापाला म्हणाले, "असला आजार लाखात एखाद्यालाच होतो."

बाप मिलिटरीतला. छाती फुगवून म्हणतो, "लाखात एकच हाय सायेब आमची पोर!"

मी म्हणालो, "आवं, कौतुक न्हवं, रोग सांगत्यात!"

*

आजी त्याच्या वरताण. "कॅन्सर नाही, हाड वाढतंय," एवढंच तिनं ऐकलं.

"वाढंलच की! म्हशीचं दूध पाजलंय मी!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, जादा हाड काढून टाकू. पण पोर वाढतीय तोवर ते परत येऊ शकतं. पाय वाकडा झाला तर पळणं बंद."

घरी जाऊन आजीनं पोरीचं दूधच बंद केलं! मी फोनवरनं शिव्या घातल्या, तवा चालू झालं.

*

ऑपरेशन झालं. प्लास्टर मीच घातलं. पोर विचारती, "मामा, मला परत खो मिळंल, का बसूनच राहायचं?"

"गप बस," मी वसकलो. "प्लास्टर ओलं हाय."

दुसरं काय सांगणार? मला तरी कुठं ठावं होतं!

दरवर्षी तपासायला यायची. मग मी रिटायर झालो, खबर तुटली.

*

परवा दवाखान्यासमोर चहा पीत बसलो होतो. एक उंच पोर आली. पायातल्या चपला काढून तिनं बाकावर पालथ्या मांडल्या.

"मामा, वाचा!"

चष्मा पुसला. घातला. परत पुसला. दोन्ही चपला सारख्याच झिजलेल्या.

"नव्या घे की गं बये!" मी ओरडलो. "दोन्हीला भोकं पडल्यात!"