दुसऱ्यांदा लावलेला कौल

आमच्या डोंगरावरच्या देवळात जत्रेचा दिवस पालखीचा, खाज्याच्या दुकानांचा आणि धक्काबुक्कीचा. दुसऱ्या दिवशी मागे उरतात ती देवाला काही विचारायचं असलेली माणसं. सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातून आलेली तर त्यासाठी मंडपातच मुक्काम करतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गेल्या वर्षी त्यांच्या रांगेत मीही होते. बेंगळुरूला नोकरी लागली होती आणि आई नको म्हणत होती. शेवटी तिने ठरवलं, "देव सांगतलो तसां करूया." मी मान डोलावली. शाळा इंग्रजीतून झाली, घर मराठी-कोंकणीतून. वाद घालणं मला कुठल्याच भाषेत जमलं नाही.

प्रश्न ज्याचा त्यानेच विचारायचा, अशी रीत. मागे माणसं खेटून उभी होती. मी हात जोडून कसंबसं पुटपुटले. जरा वेळाने डावी पाकळी पडली.

"झाला," गुरव म्हणाला. "फुडे चला."

आईला हायसं वाटलं असेल, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याच चेहऱ्याकडे बघत होती. मग गुरवाला म्हणाली, "परत लावा."

"ओ वयनी, देव काय कानान कमी आसा?"

"देवाक ऐकाक येता. ह्या चेडवाचो आवाज तेच्यापर्यंत पावाक नाय."

रांग हसली. मागची बाई म्हणाली, "विचार गो बाय मोठ्यान, माझी बस चुकतली."

"देवा, मला जायचंय," मी म्हणाले. "जाऊ का?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. हसणं थांबलं. सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. बसवाली बाईसुद्धा. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"देव गप्प," गुरव अखेर म्हणाला. "आता तुमीच काय तां ठरवा."

उतरताना आई अर्ध्या वाटेवर थांबली. मग म्हणाली, "जावचां आसा म्हणान घरात एकदाय सांगूक नाय."

खरंच सांगितलं नव्हतं. नोकरी लागली, एवढंच म्हटलं होतं.

"कधी जावचां?"

"पुढच्या महिन्यात."

तिने पदराने मान पुसली.

"गणपतीच्या चवथीक मात्र घरा येवचां," ती म्हणाली. "तां देवाक विचारूचां नाय."