भर दुपारची रात्र

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं, तेव्हा लग्न होऊन मी खापरखेड्याच्या वसाहतीत आले. माहेर नरखेडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. तिथे खिडकी म्हणजे भिंतीतलं हातभर भोक. इथे क्वार्टरमध्ये झोपायच्या खोलीला पूर्वेकडे ही मोठी काचेची खिडकी होती. आल्या आल्या मी तिच्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, किती उजेड आहे बाई!

त्या उजेडानेच पुढे माझा संसार आंबट करायला घेतला. हे वीजकेंद्रात पाळीवर होते. रातपाळी करून सकाळी घरी यायचे, आंघोळ करून दोन घास खायचे आणि आडवे व्हायचे. तेवढ्यात ऊन खिडकीतून थेट पलंगावर. डोळ्यांवर पंचा बांधायचे, कूस बदलायचे, उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायचे. मी स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू नये म्हणून श्वास रोखून वावरायची. लग्नात मिळालेला पातळ फुलाफुलांचा पडदा लावला होता, पण त्यातून ऊन गाळल्यासारखं आत यायचं, एवढंच. एकदा काचांना वर्तमानपत्रं चिकटवली, तर खिडकी उघडता येईना आणि उन्हाळ्यात खोलीची भट्टी झाली.

उठल्यावर ते बोलत नसत. चहा घ्यायचे, तांबारलेल्या डोळ्यांनी अंगणात बघत बसायचे. मी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. मला वाटायचं, माणूसच असा आहे. अबोल, जरा तुसडा. आईने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, स्वभाव चांगला आहे, पण बोलत नाहीत.

एका सकाळी जेवता जेवता त्यांचा हात वरणभातातच थांबला. मी पोळी वाढायला वाकले, तर डोळे मिटलेले. ताटावर बसल्या बसल्या माणूस झोपला होता. मला एकदम रडूच आलं. असा हा दमलेला जीव आणि मी त्याला तुसडा म्हणत होते.

त्याच आठवड्यात दाढ दुखते म्हणून मी शेजारच्या काकूंबरोबर नागपुरात सीताबर्डीला डॉक्टरांकडे गेले. काकूंचे यजमानही पाळीवरच. तिथे खिडकीला एक पडदा होता. बाजूला सरकणारा नव्हे, दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा. मी दाढ विसरले. उठून पडदा उलटा करून पाहिला. मागे कड्या शिवलेल्या, त्यांतून दोऱ्या ओवलेल्या, खाली कापडाच्या नेफ्यात पट्टी घातलेली.

"काय पाहून राहिली वं?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"काकू, हे घरी शिवता येईल."

"दाढ काढाले आली का पडदा काढाले?"

पण परत येताना त्याच मला इतवारीत घेऊन गेल्या. जाड, गडद निळं कापड घेतलं, पितळी कड्या घेतल्या. वडिलांनी लग्नात दिलेली हातमशीन होती माझ्याकडे. अडचण एकच, मशीनची खडखड. हे झोपलेले असताना ती घरात चालवणार कशी? मग काकू आणि मी मशीनची पेटी दोन्हीकडून धरून त्यांच्या घरी नेली आणि त्यांच्या मागच्या पडवीत बसून शिवायला लागले. काकूंचे यजमान त्या आठवड्यात दिवसपाळीला होते, म्हणून जमलं.

जाड कापडाच्या दुहेरी शिवणीत सुई दोनदा मोडली. दोरीऐवजी मी पायजम्याची नाडी ओवली, ती कड्यांत अडकायची आणि पडदा एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने लोंबता. काकू म्हणाल्या, "पोरी, हा तर लंगडून राहिला." नाडी काढून बारीक सुती दोरी घातली, तिला मेण चोळलं, तेव्हा कुठे सरळ चालला. मग हौसेने धुऊन वाळत घातला, आणि कोरं कापड ते, आटलं! काकूंच्या तशाच खिडकीला लावून पाहिला तर दोन्ही कडांना उन्हाच्या दोन उभ्या रेघा. मी पायरीवर डोकं धरून बसले. शेवटी माझ्या एका जुन्या हिरव्या लुगड्याच्या दुहेरी पट्ट्या करून दोन्ही बाजूंना जोडल्या. निळ्याला हिरवा काठ. कोणी म्हणालं असतं, हे काय ध्यान! पण उन्हाला रंगाशी काय देणंघेणं?

हे रातपाळीला गेले त्या संध्याकाळी काकूंच्या यजमानांनी चौकटीवर लाकडी पट्टी ठोकून दिली. सकाळी हे आले. दारातच थबकले.

"हे काय लावून ठेवलं वं?"

"दोरी सोडून बघा."

त्यांनी सोडली. पडदा सरसर खाली आला आणि खोलीत अंधार. ते पलंगावर बसले. मग आडवे झाले.

नेहमी दुपार व्हायच्या आत उठणारा माणूस त्या दिवशी उठेना. जेवायची वेळ टळली. मी दाराला कान लावून आले. काकूंकडे गेले तर त्या हसल्या, "झोपू दे वं त्याले. काहून घाबरतेस?"

ऊन कलल्यावर आतून धडपडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. हे अंधारात एक पाय पँटमध्ये घालून उड्या मारत होते. "रात्र झाली! ड्यूटीची वेळ गेली! मले उठवलं काहून नाही तू?"

मी दोरी ओढली. लख्ख उजेड आत आला. समोर अंगणात कोणाचे तरी कपडे वाळत होते, कोंबड्या हिंडत होत्या. हे तसेच एका पायावर उभे. आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जे हसायला लागले ते पलंगावर बसून पोट धरून हसले. लग्नाला आठ-नऊ महिने झाले होते. त्यांचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आणि मग कळलं, हा माणूस बोलका होता. नकला करायचा. साहेबाची, कँटीनवाल्याची, माझ्या मामांचीसुद्धा. त्या संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी मला लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना घडलेली फजिती सांगितली. कामावर जायची वेळ झाली तरी ती गोष्ट संपेना. चप्पल घालत दारातून म्हणाले, "बाकीची उद्या सांगतो. झोप झाल्यावर."