पोटात दुखतं का?

श्रुतिका तळवडेकरला घाटकोपर स्टेशनबाहेरचा वडापाव पचायचा, परवाची आमटी पचायची; दुसऱ्याचं कौतुक मात्र लहानपणापासून पचलं नव्हतं. आणि नशीब बघा, नोकरी मिळाली ती नेमकी त्याच खात्यात.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत खाली खोक्यांचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर ही प्रयोगशाळा. आलेल्या माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, टोपीच्या भोकांतून केसांत जेल भरायचं, पडद्यावर पैशांचा खेळ लावायचा, आणि शेजारचा जिंकत असताना ह्याच्या मेंदूत काय होतं ते टिपायचं. मग प्रश्नावली भरून घ्यायची आणि शेवटी केस धुऊन द्यायचे. श्रुतिकाचा हुद्दा संशोधन सहायक. तिचे वडील चंद्रप्रकाश म्हणायचे, "शेजाऱ्यावर कोण जळतो हे कळायला मशीन कशाला? आमच्या माळ्यावर या म्हणावं."

"मराठीचं श्रुतिकाला विचारा," हे प्रयोगशाळेच्या प्रमुख वसुधा मॅडमचं ठरलेलं वाक्य. त्या एका वाक्यावर ती तीन वर्षं खूश होती. मग जूनमध्ये दुसरी सहायक म्हणून गार्गी आली. मुलुंडची, इंग्रजी शाळेतली, एकोणसाठ म्हणजे किती हे विचारून घेणारी. त्यातच मॅडमनी सांगून टाकलं की पुढच्या टप्प्यात सहायकाची जागा एकच उरणार आहे. श्रुतिका निर्धास्त होती. एकोणसाठ न कळणारी पोरगी मराठी माणसांना काय प्रश्न विचारणार?

श्रुतिकाने प्रश्नावलीत लिहिलं होतं, 'इतरांच्या उत्कर्षाने आपल्या मनात असूया निर्माण होते का?' लोक ते वाचून ताठ बसायचे आणि 'कधीच नाही'वर खूण करायचे. अख्ख्या अंधेरीत संतच राहतात की काय, असं वाटावं. गार्गीने घरच्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं आणि दुसरा प्रश्न आणला. 'दुसऱ्याचं चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखतं का?' लोक हसले आणि खुशाल 'कधीकधी', 'नेहमी' म्हणू लागले.

"झकास, गार्गी," मॅडम म्हणाल्या. श्रुतिकाचा तिळपापड झाला. गार्गीने इंग्रजीत बाजी मारली असती तर तिने एक वेळ सोडून दिलं असतं. पण तिने मराठीत मारली, आणि तीही स्वयंपाकघरातून विचारून आणलेल्या मराठीत. हेवा वाटला, सरळ हेवा. आणि हेवा मोजायच्या खोलीत बसूनही तो कमी होत नव्हता.

तेवढ्यात देव पावला. मरोळ पाइपलाइनजवळ राहणाऱ्या कमलमावशी चाचणीला आल्या, श्रुतिकाचं आडनाव ऐकून लगेच मालवणीवर उतरल्या, आणि त्या प्रश्नापुढे 'नेहमी' अशी खूण करून त्यांनी पिशवीतून अ‍ॅसिडिटीची गोळी काढली. "वाइच पाणी दी गो."

श्रुतिका पाणी देऊन थेट मॅडमच्या टेबलाशी. "मॅडम, लोकांना खरंच पोटाचं वाटतंय. सगळे फॉर्म बाद होतील ना."

गार्गीचा चेहरा उतरला. "माझ्या लक्षातच नाही आलं यार," ती म्हणाली. त्या दिवशी श्रुतिकाने दोन वडापाव खाल्ले, आणि दोन्ही गोड लागले.

कमलमावशींची दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात होती. टोपी काढून झाल्यावर मॅडम स्वतः आल्या. गार्गी आणि श्रुतिका मागे उभ्या.

"मावशी, तुम्ही पोटात दुखतं म्हणून खूण केलीय. ते अ‍ॅसिडिटीचं ना?"

मावशींनी मॅडमकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अ‍ॅसिडिटी वेगळी, बाई. ती वडे खाल्ल्यावर होते. हे जावेला बोरिवलीत फ्लॅट मिळाला तेव्हापासूनचं आहे."

मॅडम डोळे पुसत हसल्या. "प्रश्न आहे तसाच राहू दे. आणि पुढच्या टप्प्यात मराठीचं सगळं गार्गी बघेल."

म्हणजे जागाही गार्गीचीच. ते तिघींनाही कळलं. गार्गी काहीतरी बोलायला श्रुतिकाकडे वळली, पण मॅडम तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. श्रुतिका मावशींना बेसिनपाशी घेऊन आली. कोमट पाणी सोडून ती त्यांच्या केसांतलं जेल काढू लागली. काचेपलीकडे मॅडम गार्गीला काही समजावत होत्या आणि गार्गी मान डोलवत होती. श्रुतिकाची बोटं मावशींच्या डोक्यावर तशीच थांबली होती, पाणी वाहत होतं.

मावशींनी वाकल्या वाकल्या विचारलं, "तुझ्या पोटात कधीपासून दुखता गो?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. तिच्याच जुन्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर, 'कधीच नाही', ओठांपर्यंत आलं होतं.

"जूनपासून," ती म्हणाली.

"मगे गोळी घेव नको. गुण येणा नाय. मी घेवन बघितलंय." मावशींनी कपाळावरचं पाणी निपटलं. "कानामागे रवला हा बघ तुझा जेल."

श्रुतिकाने कानामागचं जेल धुतलं.