भेगेवरची काच

अमरावतीच्या जुन्या कॉलेजातली विज्ञानाची दगडी इमारत म्हणजे प्रयोगशाळेतल्या धर्मपाल शिपायाचा जीव की प्राण. भिंतीला भेग दिसली, तसा इंजिनिअर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून गेला. काच तडकली, तर भेग वाढतेय असं समजून इमारत पाडायची.

"त्याले पाडाचीच हाये! काच तोच फोडते का नाई, पाहून घ्या तुमी," असं धर्मपाल सगळ्यांना सांगत सुटला. दोन महिने त्यानं भिंतीखालीच स्टूल टाकलं. झाडणाऱ्या बाईलाही तिथं फिरकू दिलं नाही.

एका दुपारी, आसपास चिटपाखरू नसताना, काच त्याच्या डोळ्यांदेखत कट्‌कन तडकली.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कपाटातून तशीच काच काढली आणि गुपचूप चिकटवली.

स्टूल मात्र पार समोरच्या भिंतीपाशी नेलं.