टर्बो थंड होईपर्यंत

कन्नडला आमच्या घरी मला बघायला चौथं स्थळ येणार होतं. आधीच्या तिघांनी, मुलगी तापट आहे, म्हणून नकार कळवला होता. ते खोटं नव्हतं, पण एका चहात त्यांना ते कळलं कसं, याचा मला अजून राग येतो. या वेळी आईनं हात जोडून सांगितलं होतं, की पाहुणे उठेस्तोवर तोंड उघडू नकोस. मुलाचा फोटो मला आवडला होता. त्यामुळं मीही कबूल झाले.

ठरलेल्या वेळी पाहुण्यांची गाडी आली आणि घरावरून सावकाश पुढं निघून गेली. स्टेअरिंगवरच्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं बघून हात केला. फाटकात उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनीही केला. थोड्या वेळानं गाडी उलट्या दिशेनं आली, पुन्हा हात झाला आणि पुन्हा ती पुढं गेली. तिसऱ्या फेरीला एकदाची थांबली. पण इंजिन चालूच, काचा बंद, आणि आतलं कुणी उतरेना.

चालू इंजिनाचा अर्थ आमच्या घरानं लगेच लावला. मामा म्हणाला, घर पसंत पडलेलं दिसत नाही, निघायच्या बेतात आहेत. काकूनं चहाखालचा गॅस बंद केला. वडील मात्र नमस्कारासाठी हात जोडून उभेच होते. ते जोडलेले हात हळूहळू खाली आले, ते मला खिडकीतून दिसलं आणि माझं डोकं फिरलं. हातात पोह्यांची बशी होती, ती तशीच घेऊन मी बाहेर गेले आणि गाडीची काच वाजवली.

"यायचं नसंल तर तसं सांगा, काका. पोहे आम्ही खाऊन घेतो."

काच खाली आली. म्हाताऱ्यानं मनगटावरच्या घड्याळावरून नजर काढली नाही. "दीड मिनिट राह्यलं, पोरी. टर्बो लई तापलाय. आत्ताच बंद केला तर त्याचा जीव जाईल."

मागच्या सीटवर बसलेला मुलगा, म्हणजे आजचा माझा नवरा, लाजून चपलांकडं बघत होता. त्या दीड मिनिटात मला सगळा खुलासा झाला. संभाजीनगरच्या छावणीत त्यांची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, टर्बोला मिनिटभर थंड होऊ द्या. आणि ब्रेक उगाच दाबू नका, पॅड झिजतात. चाचांचा शब्द म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना वेदवाक्य. खबरदारी म्हणून त्यांनी एका मिनिटाची चार केली आणि ब्रेक जवळजवळ सोडूनच दिला. अगदी गावाबाहेरच्या साखर कारखान्यापासून वेग कमी करत आणूनही आमचं घर दोनदा हुकलं होतं. पॅड अजून नव्यासारखे आहेत, हे मात्र त्यांनी अभिमानानं सांगितलं आणि खिडकीतून हात काढून माझ्याकडची बशी घेतली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा आई नकार ऐकायच्या तयारीनंच बसली होती. आला होकार. मीही लगेच हो म्हटलं. तापलेल्या इंजिनासाठी चार मिनिटं गप्प बसणारं घर मला त्याआधी भेटलं नव्हतं.

लग्नाला आता सहा वर्षं झाली. छत्रपती संभाजीनगरात मी एका बँकेच्या काउंटरवर बसते आणि बहुतेक रोज फणफणत घरी येते. मी पर्स आदळली, की सासरे खुर्चीतूनच नवऱ्याला बोट दाखवून थांबवतात.

"चार मिनिटं तिच्याशी काय बी बोलू नगंस," म्हणतात आणि घड्याळ बघतात.

खरं तर माझा राग दोन मिनिटांतच उतरतो. पण हे मी घरात कधी सांगितलेलं नाही. बोलायची मनाई असली, की नवरा मुकाट्यानं चहा टाकतो, आणि त्याला चार मिनिटं लागतात.